ओतीव आणि घडीव

विजापूरच्या तटबंदीवर दोन तऱ्हेच्या तोफा आहेत. शेरजा बुरुजावरची मुलुखमैदान सगळ्यांना माहीत असते. ती 1549 साली अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली, नंतर ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 साली विजापुरात आली. लांबी साडेचार मीटरच्या आसपास, वजन सुमारे 55 टन, धातू कासं, म्हणजे तांबं आणि कथील यांचं मिश्रण. तोंडाशी सिंहाचा उघडा जबडा आणि त्या जबड्यात सापडलेला हत्ती. अंगावरून नजर फिरवली तर कुठे जोड दिसत नाही. जवळच उपली बुरूज आहे. बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेलं की लोखंडाची एक लांबसडक तोफ दिसते, नऊ मीटरच्या आसपास. हिच्यात जोडच जोड. लांब लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी लावून नळी केलेली आणि वरून लोखंडाची कडी एकाला एक भिडवून चढवलेली.

हा फरक कारागिरांच्या आवडीनिवडीचा नव्हता, भट्टीच्या धगीचा होता. तांबं 1085 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात कथील मिसळलं की त्याहून कमी उष्णता पुरते. कोळशाची भट्टी आणि दमदार भाता असला की तिथवर पोचता येतं. शुद्ध लोखंडाला मात्र 1538 अंश लागतात, आणि तेवढी धग आपल्याकडच्या जुन्या भट्ट्यांत नव्हती. त्यामुळे खनिजातून लोखंड सुटायचं ते पातळ होऊन नव्हे, तर मळीने भरलेल्या सच्छिद्र गोळ्याच्या रूपात. तो गोळा लाल असतानाच ऐरणीवर घ्यायचा आणि घणाने बडवून त्यातली मळी बाहेर काढायची. म्हणून कासं ओतलं गेलं आणि लोखंड ठोकलं गेलं. आज ज्यांना आपण कास्टिंग आणि फोर्जिंग म्हणतो, त्या दोन वाटा अशा उष्णतेपाशी वेगळ्या झाल्या.

लोखंडाला ओतण्याजोगं करतो तो कार्बन. साडेतीन-चार टक्के कार्बन मिसळला की तेच लोखंड 1200 अंशांच्या आतच वितळू लागतं. हे बीड. आंबोळ्या-घावनांचा जाड काळा तवा बिडाचाच असतो. तो हातातून निसटून फरशीवर पडला तर तडा जातो, कधी सरळ दोन तुकडे होतात. भाकरीचा लोखंडी तवा पडला तर फार तर कड वाकते. घराघरांत हे ठाऊक असतं, आणि त्यावरून एक निवाडाही मनात पक्का झालेला असतो: ठोकलेलं ते भक्कम, ओतलेलं ते ठिसूळ. त्यात आपल्याकडे घाव सोसण्याला मोठा मान. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे ऐकतच आपण लहानाचे मोठे होतो. मी सांगलीला इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हा वहीतल्या तक्त्यातही हाच सूर होता. एका रकान्यात कास्टिंग, दुसऱ्यात फोर्जिंग; ताकद, चिवटपणा, थकवा सोसण्याची क्षमता, सगळ्या ओळींत फोर्जिंग वरचढ. कास्टिंगच्या वाट्याला ‘स्वस्त’ आणि ‘गुंतागुंतीच्या आकारांसाठी सोयीचं’ एवढंच. तक्त्यातली एकही ओळ खोटी नव्हती. तरीही त्यातून जो निष्कर्ष निघे तो मला आज अन्यायाचा वाटतो. म्हणून मला ओतलेल्याची बाजू मांडायची आहे, घडवलेल्याचा मान तसूभरही कमी न करता.

कृष्णा-पंचगंगेचा हा सगळा पट्टा ओतकामावर उभा राहिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना हलवला, त्याच्याही आधी बेळगावात ते लोखंडी नांगर करू लागले होते. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी धास्ती शेतकऱ्यांना होती, त्यामुळे पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे ती भीती गेली आणि नांगरामागोमाग चरक आले, पंप आले. कोल्हापुरात ऊस, गुऱ्हाळं आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं यांनी शिवाजी उद्यमनगर गजबजवलं. मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत फाउंड्र्या पसरल्या. पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक, फ्लायव्हील, ट्रॅक्टरची हाउसिंगं, पुढे मोटारींचे सुटे भाग, हे सगळं इथल्या वाळूत जन्माला आलं.

वाळूत हे शब्दशः खरं आहे. फाउंड्रीत सगळ्यांचं लक्ष भट्टीकडे जातं, पण खरी कला वाळूत आणि तिच्याही आधी लाकडात असते. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा लाकडी नमुना, करणारा सुतार ज्या पट्टीने मापं घेतो ती नेहमीची पट्टी नसते. बीड गोठून थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसतं, म्हणून त्याच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटाहून तीन मिलिमीटरभर मोठा आखलेला असतो. त्या मापाने केलेला पॅटर्न मोठा निघतो आणि त्यातून निघालेला जॉब मापात बसतो. वस्तू गरम असताना केवढी असेल आणि निवल्यावर केवढी राहील, हे वस्तू अस्तित्वात येण्याआधीच त्या लाकडात लिहून ठेवलेलं असतं.

मग मोल्डर. वाळू, बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी. शिरोलीच्या एका फाउंड्रीत आम्हा विद्यार्थ्यांना नेलं होतं, तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी मूठभर वाळू दाबली, हात उघडला आणि तो गोळा माझ्यापुढे धरला. त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले होते. मग दोन बोटांनी त्यांनी तो मोडला. कडा न ढासळता सरळ तुटला. ‘‘पाणी लई झालं की जॉब आतनं फुगतोय, कमी झालं की साचा ढासळतोय,’’ ते म्हणाले. ‘‘मीटर असतोय ताई, पण आधी मुठीला विचारायचं.’’ जास्तीच्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत अडकते आणि जॉबच्या पोटात ब्लो होल राहतं. बाहेरून काही दिसत नाही. मशीनवर पहिला कट घेतला की पोकळी उघडी पडते आणि सगळी मेहनत भंगारात जाते.

साच्याचे दोन बॉक्स एकमेकांवर बसतात, आत कोअर ठेवलेला असतो. मला ओतकामातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती हा कोअर. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पाणी खेळायच्या वाटा असतात, वळणावळणाच्या, एकमेकींत शिरणाऱ्या. त्या बाहेरून कोरता येत नाहीत, घणाने ठोकून तर नाहीच नाही. मोल्डर आधी त्या पोकळीचाच आकार वाळूत घडवतो, तो साच्यात टांगतो आणि धातूला त्याच्याभोवती वाहू देतो. नंतर वाळू झटकून टाकली की पोकळी उरते.

आणि मग ओतणं. लॅडलमधलं, म्हणजे ओतायच्या भांड्यातलं, बीड 1400 अंशांच्या जवळपास असतं, रंग असा की त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही. ओतणाऱ्याने एकदा लॅडल कलतं केलं की धार तुटू द्यायची नसते. तुटली तर आधी आलेला धातू पृष्ठभागावर गोठू लागतो, मागून येणारा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि जॉबमध्ये कायमची फट राहते. म्हणून तेवढ्या क्षणांत तिथे कुणी बोलत नाही. धातू रनरमधून, म्हणजे साच्यातल्या पन्हळीतून, आत जातो, साचा भरतो आणि दुसऱ्या टोकाला रायझरमध्ये वर चढताना दिसतो. रायझर म्हणजे धातूचा राखीव साठा. तो सगळ्यांत शेवटी गोठावा असा बेतलेला असतो. जॉब आक्रसू लागला की त्याला लागेल तेवढा धातू हा पुरवत राहतो आणि स्वतः मात्र आतून पोकळ होत जातो. बिडात गोठताना ग्राफाइट फुलतं आणि ती तूट बरीचशी आतूनच भरून निघते, म्हणून तिथे रायझर लहान चालतात. पोलाद ओतायचं तर ते चांगले दांडगे लागतात. काम झालं की रायझर तोडून परत भट्टीत जातो.

आता घडवणं. उसाची तोड सुरू व्हायच्या सुमारास रस्त्याकडेला घिसाड्यांची बिऱ्हाडं उतरतात आणि कोयते करायला बसतात. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांतून लोखंड सांडशीने उचलून घरधनी ऐरणीवर धरतो. समोर उभी राहून घण घालते ती बहुधा त्याची बायको. त्याच्या उजव्या हातात लहान हातोडी असते. ती तो लोखंडावर जिथे टेकवेल तिथेच पुढचा घण पडतो. हातोडीचा आवाज बारीक, घणाचा खोल, आणि दोन्हींमध्ये कधी चूक होत नाही. लोखंडाचा लाल रंग काळवंडला की दोघं एकदम थांबतात. तो रंग उतरल्यावर मारलेला घाव फुकट जातो, किंवा त्याहून वाईट, पात्यात चीर पाडून जातो. घण कुणी कितीही जोरात मारो, घाव कधी घालायचा आणि कुठे थांबायचं हे लोखंडाचा रंगच ठरवतो.

या घणाचेच वंशज म्हणजे पुण्यातले फोर्जिंगचे कारखाने. मधल्या पायरीवर वाफेचा हातोडा आहे: ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजासाठी अवाढव्य जाड दांडा घडवायचा प्रश्न आला, तेव्हा 1839 साली जेम्स नॅस्मिथने त्याचं रेखाटन केलं. मुंढव्याची भारत फोर्ज 1961 साली स्थापन झाली, आणि पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात फोर्जिंगचा धंदा वाढत गेला. पोलादाचे कापलेले तुकडे इंडक्शन हीटरमधून 1200 अंशांच्या वर तापून, पिवळसर नारिंगी होऊन बाहेर येतात. ऑपरेटर तुकडा डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, ठेवतो, हातोडा खाली येतो, पृष्ठभागावरचे खवले ठिणग्यांसारखे उडतात आणि शेजारच्या खोलीतल्या टेबलावरचा कपसुद्धा हादरतो. दोन-तीन डायमधून जाईपर्यंत त्या तुकड्याचा कनेक्टिंग रॉड झालेला असतो, आणि त्याच्या कडेने जादा धातूची पातळ झालर आलेली असते. तिला फ्लॅश म्हणतात. तीही कापून टाकायची असते, पण ती आली म्हणजे डायचा कानाकोपरा भरला याची खात्री. फ्लॅश आणि रायझर या दोन गोष्टी पाहिल्या की दोन्ही पद्धतींचं नातं कळतं: वस्तू पूर्ण व्हायची तर काही धातू तिच्याबाहेर राहावाच लागतो.

घडवलेल्या पोलादाची ताकद कुठून येते हे डोळ्यांनी बघता येतं. कनेक्टिंग रॉड उभा चिरून, घासून, आम्लात बुडवला की कापलेल्या भागावर रेषा उमटतात. लाकडाला रेषा असतात तशाच त्या दिसतात, आणि कुऱ्हाडीचा दांडा करताना आपण रेषा दांड्याच्या लांबीत राहतील हे पाहतो, तसंच इथेही पाहिलेलं असतं. रेषा आकाराबरोबर वळतात, कोपऱ्यात दाटतात, कुठेही कापल्या जात नाहीत. त्यातून भार रेषांच्या दिशेने वाहतो आणि लाखो वेळा ओढ-दाब सोसूनही रॉड टिकतो. शिवाय घणाखाली आतली बारीकसारीक पोकळी दाबून मिटते, कण बारीक होतात. क्रेनचा हूक, रेल्वेचा आस, ट्रकचा क्रँकशाफ्ट हे घडवलेले का असतात, याचं उत्तर या रेषांत आहे.

पण याच रेषा दुसरीही गोष्ट सांगतात. रेषांच्या आडवा भार आला तर तेच पोलाद तेवढं चिवट राहत नाही. घडवलेल्या वस्तूची ताकद दिशेची असते. भार कुठून येणार हे आधी माहीत हवं, मग त्या दिशेने तिला तयार करायचं. ओतलेल्या वस्तूला अशी दिशा नसते. ती सगळीकडून जवळजवळ सारखी असते. जिथे भार कधी इकडून, कधी तिकडून, कधी सगळीकडून एकदम येतो, तिथे हा सारखेपणाच कामाला येतो.

तव्याकडे पुन्हा या नजरेने पाहावं. बीड फुटतं ते त्यात ग्राफाइटचे पापुद्रे विखुरलेले असतात म्हणून. ओढ लागली की पापुद्र्याच्या टोकापाशी तडा सुरू होतो. पण त्याच बिडावर दाब येऊ द्या. दाबाखाली ते ओढीपेक्षा तिपटी-चौपटीने भार पेलतं. आणि त्याच पापुद्र्यांत कंप विरून जातो. पोलादावर ठोका मारला की ते वाजत राहतं, बिडाचा आवाज लगेच मिटतो. म्हणून लेथचा बेड बिडाचा असतो. घडवलेला क्रँकशाफ्ट लेथवर चढतो, टूल त्याला भिडतं, कापताना थरथर उठते आणि ती थरथर खाली बेडमध्ये उतरून मुकाट्याने संपते. बेडने ती गिळली नसती तर त्या नावाजलेल्या शाफ्टवर गुळगुळीत पृष्ठभाग आलाच नसता. ज्या पापुद्र्यांनी तवा फुटतो, तेच पापुद्रे हे काम करतात. घडवलेल्या प्रत्येक भागाच्या अचूकपणामागे ओतलेल्या बिडाचा एक स्थिर पाया असतो, आणि हिरव्या-राखाडी रंगाखाली त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

शिवाय दोन्हींमधली भिंत आपण समजतो तेवढी पक्की नाही. 1948 साली एक शोध जाहीर झाला: वितळलेल्या बिडात अगदी थोडं मॅग्नेशियम मिसळलं की ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमतं. गोळ्याला टोक नसतं, त्यामुळे तड्याला सुरुवात करायला जागा मिळत नाही. या बिडाला एसजी आयर्न म्हणतात. त्याचे क्रँकशाफ्ट आज कित्येक मोटारींत ओतूनच केलेले असतात. आणि हातोड्याखाली जाणारा पोलादाचा तुकडा तरी कुठून येतो? पोलाद कारखान्यात तोही आधी वितळलेला असतो, ओतलेला असतो, मग लाटलेला असतो. दख्खनमध्ये, विशेषतः तेलंगणात, मुशीत वितळवून गोठवलेलं पोलाद होई. परदेशात त्याला वूट्झ म्हणत. त्याच्या वड्या ठोकूनच ती लाटांसारख्या नक्षीची प्रसिद्ध पाती घडत. आज घडवलेली म्हणून मिरवणारी वस्तू कधी तरी ओतलेली होतीच.

मग घाव सोसण्याच्या त्या म्हणीचं काय करायचं? ती म्हण दगडाची आहे, आणि दगडाच्या बाबतीत खरीही आहे. धातू मात्र जास्त बारकाईने बोलतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालतं. हातोडीच्या चकचकीत ठिपक्यांनी भांडं सजतं आणि कडकही होतं. पण तांबं ठोकत गेलं की ताठरत जातं, आणि एका मर्यादेनंतर पुढचा ठोका त्याला चिरतो. म्हणून कारागीर मध्येच थांबतो, भांडं भट्टीत घालून लाल करतो, मऊ करतो, मग पुन्हा हातोडी उचलतो. पोलाद तर आधी गाभ्यापर्यंत तापल्याशिवाय हातोड्याखाली जातच नाही. आणि राखाडी बीड कितीही तापवा, त्यावर घण घालू नये, ते फुटणारच. तो त्याचा कमकुवतपणा नाही, तो त्याचा स्वभाव आहे. त्याला हवा असतो नीट दाबलेला साचा, न तुटणारी धार, गोठताना मिळणारा राखीव साठा आणि सावकाश निवायला वेळ. एवढं दिलं की ते पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे हादरे पेलतं. घाव सोसणं ही ताकदीची एक परीक्षा आहे, एकमेव नाही. मुलांना, विद्यार्थ्यांना, हाताखालच्या माणसांना आपण ही म्हण ऐकवतो तेव्हा समोरचं कोणत्या धातूचं आहे आणि ते किती तापलेलं आहे, हे पाहण्याची जबाबदारी घण उचलणाऱ्याची असते.

माझं म्हणणं एकाच वस्तूत पाहायचं असेल तर ती महाराष्ट्रात जागोजागी आहे: साखर कारखान्याच्या गिरणीतला रोलर. त्याच्या मध्यभागी घडवलेल्या पोलादाचा दांडा असतो, कारण पिळवटणारा आणि वाकवणारा भार त्याच्यावर येतो. दांड्यावर बिडाचं जाड कवच असतं, कारण उसाला पकड लागते. बिडाचा पोत खरबरीत असावा हे तिथे मुद्दाम पाहिलं जातं. गुळगुळीत पोलादावरून ऊस घसरेल. कवच तापवून फुलवतात, दांड्यावर चढवतात आणि निवताना ते त्याला कवटाळून बसतं. गाळपाच्या हंगामांत कवच झिजतं, मग ते काढून त्याच दांड्यावर नवं चढवतात. प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच नदीच्या काठी दायमाबादला 1974 साली मिळून साठ किलोंहून अधिक भरणारी चार ओतीव शिल्पं सापडली: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. उत्तर हडप्पा काळातली ती मानली जातात. त्या नदीकाठाला ओतकाम किती जुन्या काळापासून ठाऊक आहे, याचा आणखी पुरावा नको.

रोलरमध्ये दांडा श्रेष्ठ की कवच, असा प्रश्न गिरणीतला फिटर कधी विचारत नाही. भार कुठून येतो आणि तो कोणी पेलायचा, एवढंच तो विचारतो. वहीतल्या त्या तक्त्याच्या वर पहिल्या ओळीत हाच प्रश्न लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं. तो एकदा विचारला की मुंढव्यातल्या हातोड्याइतकाच मान शिरोलीतल्या वाळूच्या मुठीलाही द्यावा लागतो.